चौथ्या मजल्यावरचे मास्तर

त्या मोठ्या दुकानाच्या चौथ्या मजल्यावर, कपाटांच्या रांगेपलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि ती होती तिथेच थांबली. ते हसणं तिच्या वडिलांचं होतं. आधी घशातलं घोगरं गुरगुरणं, मग जरासा खंड, आणि मग छातीतून एकदम सुटलेला गडगडाट. आई होती तेव्हा शेजारपाजारची माणसं विनोद न ऐकताच नुसत्या या हसण्यावर हसायची. आई गेली, बाबा तिच्या दोन खोल्यांत राहायला आले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. आणि या दोन वर्षांत बाबांचं हसणं सोडाच, त्यांच्या तोंडून धड वाक्यही तिनं ऐकलं नव्हतं. हो. नाही. जेवलो. येतो. सकाळी दहाला ‘येतो’ म्हणून जे निघायचे ते पाचला उगवायचे. कुठे जाता म्हणून विचारलं तर ‘बागेत’. म्हाताऱ्या माणसानं चालावं, बाकावर बसावं, चार लोकांत मिसळावं, असं ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून तिनं कधी खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. घरात एक मुकं माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेलं आहे, हे मनात घेऊन दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरणं सोपं नसतं.

आणि मुळात ती आधीच तापलेली होती. जेवणाच्या सुट्टीचा पाऊण तास, त्यातली पंचवीस मिनिटं या दुकानानं खाल्ली होती. गेल्या महिन्यात इथूनच तिनं तीन खणांचं एक बुटकं कपाट घेतलं होतं, पांढरंशुभ्र, गोल मुठींचं. पंधरा दिवसांत त्याचा खालचा खण अर्धवट बाहेर येऊन अडकला. आत जाईना, बाहेर येईना. येता-जाता नडगीला लागायचा. तळमजल्यावरच्या चौकशीच्या मुलीनं तिला दुसऱ्या मजल्यावर धाडलं. दुसऱ्या मजल्यावरच्यानं पावतीवर तळमजल्याचा शिक्का मागितला. शिक्का घेऊन ती वर आली तर तो जेवायला गेलेला, आणि त्याच्या जागी बसलेली बाई, समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, पाठ केल्यासारखं म्हणाली, “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” “मग करा ना काहीतरी,” ती म्हणाली. “फर्निचरचं ना? मग चौथ्यावर जा,” बाई म्हणाली, आणि पुन्हा तिचे दात दिसले.

वाईट याचं वाटत होतं की या दुकानावर तिचं प्रेम होतं. पहिला पगार हातात आला त्या दिवसापासूनचं. फिरतं दार ढकललं की आधी अंगावर तो गार श्वास यायचा, साबणाचा, नव्या चामड्याचा, कोऱ्या कापडाचा. सरकत्या जिन्याचा कठडा पायऱ्यांपेक्षा किंचित पुढे पळतो, त्यामुळे हात आधी वर पोचतो आणि आपण मागून, याची तिला अजून गंमत वाटे. दिवसभर हातात रबरी मोजे. संध्याकाळी ते काढले की बोटं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभरात कशालाच न लागलेली. मग सहा वाजून गेल्यावर ती इथे यायची आणि टॉवेलांच्या ढिगावर हाताची मागची बाजू ठेवायची. मखमलीवर, लोकरीवर, थंड काचेच्या बाटल्यांवर. टोपलीत चार वस्तू घ्यायच्या, अर्धा तास त्या आपल्याच असल्यासारख्या मजल्यामजल्यांवर फिरवायच्या, आणि जाताना प्रत्येक वस्तू जिथली तिथे नीट ठेवून द्यायची. कुणी काही मागत नाही. कुणी आ वासून समोर पडलेलं नाही. सगळं जग घडी घालून, किंमत चिकटवून, आपल्या हाताची वाट बघत उभं. त्याच दुकानानं आज तिला चेंडूसारखं या मजल्यावरून त्या मजल्यावर टोलवलं होतं, आणि हातातल्या पावतीच्या कडा घामानं मऊ पडल्या होत्या.

दोन कपाटांमधल्या फटीतून तिनं पाहिलं. एका लिहायच्या टेबलाखाली बाबा गुडघ्यांवर बसले होते. चष्मा कपाळावर. शेजारी राखाडी गणवेशातली एक विक्रेती मुलगी उकिडवी बसलेली, आणि समोर एक वयस्कर जोडपं, गिऱ्हाईक असावं, माना वाकवून बघणारं. टेबलाचा खण बाबांच्या मांडीवर आडवा होता, दवाखान्यात एखाद्या आईच्या मांडीवर मूल असतं तसा. बाबा बोलत होते. दहा, वीस, तीस शब्द! “जोर लावायचा नाही. जोर लावणारा माणूस लाकडाचं ऐकत नाही. कुठे कुरकुरतं ते आधी बोटानं शोधायचं. हे बघा, इथे. कारखान्यातल्या यंत्राला काय, ते घाईत असतं.” मग त्यांनी खिशातून मेणबत्तीचा एक बोटभर तुकडा काढला, खणाच्या कडेवरून दोनदा ओढला, खण आत सरकवला, आणि करंगळीनं लोटला. तो आवाज न करता मिटला. “वा!” म्हातारी बाई म्हणाली. “आमच्या घरी येता का हो?” आणि बाबा पुन्हा हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचा खण अडकला तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, “बाबा, जरा बघता का?” बाबांनी खाटेवरून मान वळवली होती, खणाकडे पाहिलं होतं, तिच्याकडे पाहिलं होतं, आणि दोन वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं होतं. “जिथून आणलंस तिथे विचार.” म्हणून ती विचारायला आली होती! उपाशीपोटी, शिक्के मारून घेत, दिलगिऱ्या ऐकत. आणि हा माणूस इथे लोकांच्या खणांना मेण लावत बसला होता, परक्या बायकांना हसवत होता, त्याला हसता येत होतं, बोलता येत होतं, म्हणजे सगळं शाबूत होतं, फक्त तिच्यासाठी नव्हतं.

पुढे जावं की मागे फिरावं, हे तिला ठरवता येईना. गुडघ्यांवर बसलेला तो आकार तिच्या फार जुन्या ओळखीचा होता. जुन्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं बाबा असेच बसले. सरसाचा वास, रंध्याखालून निघणाऱ्या पातळ गुंडाळ्या, ज्या ती लहानपणी कानात अडकवून मिरवायची. मध्यभागी त्यांचं कामाचं टेबल, त्यांनीच पंचविशीत घडवलेलं, वरची फळी करवतीच्या आणि पटाशीच्या खुणांनी भरलेली, एका कोपऱ्यात तिची उंची मोजलेल्या रेघा. घर सोडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, हे आपल्याकडे कुठे मावणार?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आईचं सगळं नुकतंच उरकलं होतं, रजा संपत आली होती, भाऊ परदेशातून फोनवर नुसत्या सूचना करत होता, आणि ते टेबल शेडच्या दारातूनही निघेना. भंगारवाला म्हणाला, कापावं लागेल, करवत आहे का? तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीवरची करवत काढून दिली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. ती परत स्वयंपाकघरात भांडी बांधायला गेली. तिला कापण्याचा आवाज ऐकू आला होता, आणि ‘चला, एक काम मार्गी लागलं’ असंच तिला वाटलं होतं. हे आठवलं की अजूनही तिला राग यायचा, आणि तो नेमका कुणाचा ते कळायचं नाही, म्हणून तो ती जो समोर असेल त्याच्यावर काढायची.

त्याहून जुनं एक होतं. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला या दुकानापर्यंत आणलं होतं. ते स्वतः आत आले नाहीत. कपड्यांवर भुसा, नखांत सरस. “तू बघून ये, मी आहे इथे,” म्हणाले. ती आत गेली, तळमजल्याला दोन चकरा मारल्या, आणि हातमोजे विकणाऱ्या एका बाईनं वाकून विचारलं, “बाळ, तू कुणाबरोबर आलीस?” काचेपलीकडे बाबा दिसत होते. ती म्हणाली, “कुणाबरोबर नाही.” किती साधं वाक्य. नंतर बाहेर येऊन तिनं बाबांचा हात धरला तेव्हा तो भुशानं खरखरीत लागला आणि तिनं बोटं जराशी आखडली होती.

“मास्तर, अजून यातच?” मजल्याचा मॅनेजर आला होता. तिशीतला, घट्ट कोटातला, कानात काहीतरी खोचलेला. त्यानं दोनदा टाळी वाजवली. “मागच्या पलंगाची करकर तशीच आहे. चार वाजता पार्टी येणारे बघायला. आटपा.”

“आटपतो साहेब,” बाबा म्हणाले आणि टेबलाचा आधार घेऊन उठू लागले.

साहेब! ज्या माणसानं वकिलाचं कपाट बनवताना वकिलाला ‘मध्ये मध्ये बोलू नका’ म्हणून गप्प केलं होतं, तो या कालच्या पोराला साहेब म्हणत होता. ती फटीतून वळसा घालून समोर आली, आणि तिचा आवाज तिच्या आधी पोचला.

“ते काही आटपणार नाहीत.”

“मॅडम, मी काही मदत करू शकतो?”

“माझे वडील आहेत हे.”

बाबांनी वर पाहिलं. आत्तापर्यंत उघडा असलेला चेहरा तिच्या डोळ्यांदेखत मिटत गेला. “तू कामावर जा,” ते हळूच म्हणाले.

“का जाऊ? कधीपासून चाललंय हे?”

 राखाडी गणवेशातली मुलगीच उत्तर द्यायला पुढे झाली. तिचा आवाज बसका होता आणि ती अगदी भल्या मनानं बोलत होती. “ताई, मास्तर दीड वर्षापासून येतात की. आमच्या मजल्याचं सगळं तेच बघतात. तुम्ही त्यांच्या मुलगी? मास्तर तर म्हणाले होते, घरी कुणी नाही.” मग तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. “म्हणजे दिवसा. दिवसा घरी कुणी नसतं, असं.”

गिऱ्हाईक बाईनं नवऱ्याच्या बाहीला धरून त्याला दुसऱ्या टेबलाकडे नेलं. तिला ते दिसलं. आजूबाजूला चार-सहा माणसं थांबली आहेत, हेही दिसलं. पण ते ‘घरी कुणी नाही’ तिच्या छातीत घुसलं होतं, आणि ते उपटून काढायचा ओरडण्याखेरीज दुसरा मार्ग तिला ठाऊक नव्हता.

“लाज नाही वाटत तुम्हाला? चाळीस वर्षं कारागिरी केलेला माणूस आहे हा. गुडघे गेलेत त्यांचे. फुकट राबवून घेता आणि वर टाळ्या वाजवता? गुराला हाकता का? मोडका माल लोकांच्या गळ्यात मारायचा, मग ते शिक्के घेत तुमचे जिने चढणार, आणि इकडे म्हाताऱ्या माणसाकडून ठिगळं लावून घ्यायची!”

“आवाज खाली घ्या मॅडम. त्यांना कुणी बोलावलं नाही. ते आपणहून येतात. आम्ही बसू देतो, चहा देतो.”

“चहा देता!”

“बाई गं,” बाबा म्हणाले. त्यांनी लहानपणापासून तिला दुसऱ्या कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती, आणि गेल्या दोन वर्षांत तीही मारली नव्हती. “बास.”

तिथे थांबायला हवं होतं. पण राग ही अशी चीज असते की ती उतारावर लागली की पाय आपले राहत नाहीत. ती म्हणाली, वरच्यांना लिहीन, पेपरात देईन, बघते कसं चालतं ते. आणि हे ऐकल्यावर मॅनेजरचा चेहरा बदलला. तो चिडला नाही. तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस नियमाच्या मागे जातो. “ठीक आहे,” तो म्हणाला. “उद्या त्यांना इथे काही लागलं-बिगलं तर माझ्यावर यायचं. मास्तर, माफ करा, उद्यापासून येऊ नका.”

बाबा उठले. आधी एक गुडघा, मग दुसरा. तिनं हात पुढे केला होता. त्यांनी त्या बसक्या आवाजाच्या मुलीचा हात धरला. पँट झटकली, चष्मा खाली घेतला, मेणाचा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. “येतो,” त्या मुलीला म्हणाले. ती मुलगी रडायच्या बेतात होती. खाली जाताना सरकत्या जिन्यावर ती बाबांच्या मागे दोन पायऱ्या ठेवून उभी राहिली आणि चारही मजले त्यांच्या मानेकडे बघत उतरली. ओरडा, तिला वाटत होतं. चारचौघांत माझ्या एक मुस्कटात द्या. रस्त्यावर आल्यावर ते थांबले, तिच्याकडे न बघता म्हणाले, “झालं?” आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढून गेले. ती दवाखान्यात उशिरा पोचली, बोलणी खाल्ली, आणि त्या दुपारी एका माणसाचा ओठ तिनं इतका ओढून धरला की तो डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला बाबांनी शर्ट घातला, बूट घातले, आणि खाटेच्या कडेवर बसले. ती निघाली तेव्हा बसलेले होते. संध्याकाळी आली तेव्हाही. पाच कधीच वाजून गेले होते, मग त्यांनी बूट काढले. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तसंच. ताटातलं जेवण जसंच्या तसं. “बागेत जाऊन या की,” ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती परक्या भाषेत बोलत होती. खोलीत खिळ्यावर टांगलेल्या कोटासारखा त्यांचा राग दिवसरात्र लटकत होता, आणि तिला तो झुगारताही येईना, अंगावर घेताही येईना. मी तुमची बाजू घेतली, मी तुमच्यासाठी भांडले, असं ती भांडी घासताना नळाला सांगायची. नळ जोरात सोडायची.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा चौथ्या मजल्यावर गेली. मॅनेजरनं तिला काचेच्या खोलीत बसवलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. वाईट असता तर सोपं झालं असतं. “आम्हालाही मास्तर हवेतच,” तो म्हणाला. “पण आता वरपर्यंत गेलंय. कागद करावा लागेल.” कागद तयारच होता. स्वेच्छेने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, इजा झाल्यास दुकान जबाबदार राहणार नाही. तिनं प्रत्येक ओळ वाचली. चार दिवसांपूर्वी मजला दणाणून सोडत ती जे जे बोलली होती, ते सगळं उलटं करून इथे छापलं होतं, आणि खाली ‘नातेवाईक’ असं लिहून पुढे रेघ ओढली होती. “त्यांना उद्याच पाठवा,” पेन पुढे करत तो म्हणाला, “दोन कपाटांची दारं लागत नाहीयेत.” तिनं सही केली. इतकी दाबून केली की खालच्या कागदावर तिची अक्षरं उमटली. कागदाची प्रत घेऊन जाताना ती टॉवेलांजवळून गेली आणि तिचा हात खिशातून बाहेर आला नाही.

“उद्यापासून जा तुम्ही,” घरी येऊन तिनं चपलाही न काढता सांगितलं. “मी बोलून आलेय. सगळं ठरलंय.”

“काय ठरलंय?”

“कागद केलाय त्यांनी. मी सही केली.”

तिनं टेबलावर ठेवलेल्या प्रतीकडे बाबांनी पाहिलं. “तू केलीस? माझी?”

“मग काय करू? तुम्ही असे दगडासारखे बसणार, जेवणार नाही, बोलणार नाही! पाय धरले मी त्या माणसाचे, कळतंय का? तुमच्यासाठी.”

“तिथं मला कुणी पाठवलं नव्हतं,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “म्हणून जात होतो. तू इथं आणलंस म्हणून इथं आलो. तू वाढतेस ते जेवतो. औषध देतेस ते घेतो. तेवढी एक जागा होती, जिथं मी माझा मी गेलो होतो. आता तिथंही तूच पाठवणार.”

“आणि घरचा खण? तो बघायला काय झालं होतं?”

“माझं टेबल कापलंस तू!” आता ते ओरडले. शेजारच्या घरातला रेडिओ एकदम बारीक झाला. “माझ्याच करवतीनं! माझ्याकडून मागून!”

“तुम्ही नाही म्हणायचं होतंत! तोंड नव्हतं तुम्हाला?”

“तू विचारलं कुठे होतंस? कुठे मावणार, म्हणालीस. ते विचारणं होतं? सांग ना, ते विचारणं होतं?”

ती आणखी ओरडली. आईच्या आजारपणाचं बोलली, भावाचं बोलली, दोन खोल्यांचं बोलली, आपल्या दुखऱ्या पाठीचं बोलली. तेही बोलले, दोन वर्षांचं साठलेलं, मागचं पुढे, पुढचं मागे. शेवटी दोघंही दमले. बाबांनी पाणी मागितलं. तिनं आदळून तांब्या ठेवला. ते प्यायले, आणि ताटातला गार झालेला भात त्यांनी तिच्याकडे पाठ करून सगळा खाल्ला. तो कागद टेबलावर पडून होता. त्याला कुणीच हात लावला नाही.

सकाळी दहाला बाबांनी शर्ट घातला, बूट घातले. ती ओट्याशी डबा भरत होती. ते खाटेवर बसले नाहीत. दारापर्यंत गेले, “येतो,” म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

ती खिडकीशी धावली. ते फाटकातून बाहेर पडले, क्षणभर थांबले. दुकान उजवीकडे, बागही उजवीकडे. ते डावीकडे वळले. डावीकडे काय होतं? गोदामं, पूल, पलीकडे तिला माहीत नसलेले रस्ते. या वयात, हे गुडघे घेऊन, कालपरवापर्यंत उपाशी राहिलेला माणूस! कुठे? ‘कुठे’ हा शब्द तिच्या घशापाशी येऊन उभा राहिला, आणि आता हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. तिनं दातांवर दात दाबले. जबडा दुखेपर्यंत दाबले. असे दात खाऊन खाऊन तडे गेलेली माणसं ती रोज बघत होती. मेले तरी विचारणार नाही, ती मनात म्हणाली, जा, कुठे जायचं तिथे जा. रागानं डोळ्यांपुढचं धूसर झालं होतं. ती गजांना धरून, ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहिली.